बिनचूक पुस्तक

माझ्या भावाशी मी आयुष्यभर भांडत आले. वाडीतल्या नारळांवरून भांडले, विहिरीवरच्या पंपावरून भांडले, त्यानं पुढची चिकूची झाडं बिल्डरला दिली तेव्हा तर उभ्या उमेळे गावाला ऐकू जाईल असं भांडले. ही सगळी भांडणं चार दिवसांत विझली. ज्या भांडणानं आमचं बोलणं कायमचं तुटलं, ते बायबलवरून झालं. बायबलमध्ये चूक असू शकते की नाही, एवढाच विषय. बाहेरच्यांना सांगितलं की ते हसतात, म्हणतात तुम्ही कॅथलिक माणसं, तुमचं आपसात यावरून काय भांडण असणार. पण त्या वर्षी एका पोरीचा जीव त्यावर टांगलेला होता, आणि ती पोर माझी भाची होती.

आम्ही एकाच अंगणात दोन चुली मांडून राहायचो. पुढच्या घरात भाऊ, वहिनी आणि मुलगी, मागच्या दोन खोल्यांत मी. मी लग्न केलं नाही, मराठी शाळेत शिक्षिका होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. भाऊ वसई पूर्वेला एका छोट्या कारखान्यात टर्नर होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि पोर नववीत, माझ्याच शाळेत होती. तिला अकराव्या वर्षी पहिली फिट आली होती. वसईच्या डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी सुरू केली, रोज घ्यायची, जन्मभर घ्यावी लागेल म्हणाले, आणि फिट थांबली. दोन वर्षं काही झालं नाही.

मग नात्यातलं एक लग्न आलं. लग्नघरात कुणाला कशाची शुद्ध असते? दोन दिवस गोळी राहिली, झोप झाली नाही, आणि ऐन वरातीत, बँडच्या पुढ्यात, पोर कोसळली. तोंडाला फेस, नवा फ्रॉक ओला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. सगळ्या गावानं गोल करून पाहिलं. भाऊ तिला उचलून घरी आणत होता तेव्हा त्याचं तोंड पाहून मला कळलं की हा आता कुणाच्या तरी हाती लागणार.

आणि लागलाच. कारखान्यातल्या एकानं त्याला विरारला फुलपाड्याला नेलं. तिथं एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात दर रविवारी कॅथलिक नसलेल्या एका ख्रिस्ती पंथाची प्रार्थना चालायची. शटर वर केलं की चर्च, खाली केलं की गोदाम. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या लोकांच्या खांद्यावर पांढरी भुकटी बसायची. मी दुसऱ्या रविवारी त्यांच्याबरोबर मुद्दाम गेले. भाऊ कुठं अडकतोय ते मला बघायचं होतं.

पास्टर सोलापूरकडचा, मुंबईत वाढलेला, आवाजानं गोड. त्याने मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे मार्कनं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातली, ती गोष्ट काढली, एक बाप आपल्या मुलाला येशूकडे घेऊन येतो ती. मुलगा धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, आगीत पडतो, पाण्यात पडतो. शिष्यांना तो बरा करता येत नाही, येशू त्याच्यातलं भूत काढतो. मग शिष्य विचारतात की आम्हाला का जमलं नाही, तेव्हा येशू सांगतो की ही जात प्रार्थना आणि उपवासाशिवाय निघत नाही.

"बघा ब्रदर," पास्टर माझ्या भावाकडे बोट करून म्हणाला, "सेम टू सेम तुमच्या मुलीसारखं. प्रभूने याला बीमारी म्हटलं का? नाही. एपिलेप्सी म्हटलं का? नाही. भूत म्हटलं. आणि पवित्र शास्त्रात कानामात्रेची पण मिस्टेक नाही. एकतर पूर्ण खरं, नाहीतर पूर्ण खोटं. बीच का रास्ता नाही. गोळी खाता म्हणजे तुम्ही वचनावर डाऊट घेता."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्या काळी मलेरियालाही भूतच म्हणत असतील. शुभवर्तमान लिहिणारा तो लूक, तो डॉक्टर नव्हता का? त्याला विचारा." लोक माझ्याकडे असे वळले की जणू मी आत चप्पल घालून आले होते. पास्टर हसला. ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही माझं डोकं फिरतं.

भाऊ मात्र पहिल्याच दिवशी पटला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्याचं अख्खं आयुष्य लेथवर गेलेलं. एक माप सुतानं इकडेतिकडे झालं की जॉब भंगारात, आणि ती बोलणी तो तीस वर्षं खात आलेला. त्याच्या दृष्टीनं देवाच्या पुस्तकात एक माप चुकलं म्हणजे पुस्तकच भंगार. मी शाळेतली बाई, रोज लाल शाईनं चुका काढायचे आणि तरी मुलांना वरच्या वर्गात घालायचे. मला चूक म्हणजे काही जगबुडी वाटत नव्हती. आम्ही दोघं एका आईच्या पोटचे, पण हे असं होतं.

गोळ्या बंद झाल्या. पास्टरला चालत नाहीत म्हणून भिंतीवरचे आईने लावलेले संतांचे फोटो खाली आले, आल्तारावरची, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातली, जपमाळ ट्रंकेत गेली. आणि दर शुक्रवारी पोरीचा उपवास सुरू झाला, संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी. तेव्हा ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता, आमच्याकडेही सगळे उपवास करत होते, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्या पोरीला डॉक्टरांनी कधी उपाशी राहू नको म्हणून बजावलं होतं, तिला तिचा सख्खा बाप उपाशी ठेवत होता आणि गाव त्याला भक्ती म्हणत होतं.

दुसऱ्याच शुक्रवारी ती कपडे धुवायच्या दगडावर पडली. हनुवटी फाटली, टाके पडले. पास्टरनं सांगितलं, भूत निघायच्या आधी जोर करतंच, मार्कमध्येही तसंच आहे, पोरगा मेल्यासारखा पडला होता. मी भावाला म्हटलं, "अरे, टाके घालणाऱ्या डॉक्टरकडं कशाला गेलास मग? हनुवटीवर पण प्रार्थना करायची होती." त्यानं माझ्या तोंडावर दार लावलं.

त्या दिवसापासून रोज ओट्यावर आमचं युद्ध. तो कामावरून आला, चहा घेतला की मी माझं बायबल घेऊन पुढं जायचे. मी हवेत बोलत नव्हते. शनिवारी वसईला फादरांचा बायबलचा वर्ग चालायचा, तिथं मी दोन वर्षं शिकले होते. फादर आम्हाला सांगायचे की ही माणसांनी लिहिलेली पुस्तकं आहेत, देवानं प्रेरणा दिली, हात माणसाचा होता. आकडे जुळत नाहीत, वंशावळ्या जुळत नाहीत, आणि त्यानं श्रद्धेला काही होत नाही. मला ते ऐकून हलकं वाटलं होतं. माझा देवावरचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला, आणि हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

तर मी चुका काढायचे. येशूला दगा देणाऱ्या यहूदानं गळफास घेतला असं एका ठिकाणी, आणि तो पालथा पडून त्याचं पोट फुटलं असं दुसऱ्या ठिकाणी.

"फास लावला, दोर तुटला, मग पडला," भाऊ म्हणायचा. "साधं हाय."

"मत्तयच्या शुभवर्तमानात भूत लागलेली माणसं दोन, मार्कमध्ये एक."

"दोन असली म्हंजे एक होताच ना? मार्कनं एकाचं सांगितलं. तू पन शाळेत दोन पोरांनी मारामारी केली तर एकाच्याच बापाला बोलवते."

"प्रलयात नोहानं नावेत प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घेतली की सात सात?"

"शुद्ध सात, बाकीचे दोन. खाली वाच."

वहिनी आत पोळ्या लाटताना हसू दाबायची, ते मला ऐकू यायचं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. या माणसानं चौथीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं आणि आता बोट ठेवून, ओठ हलवत, अख्खं बायबल वाचून काढत होता, फक्त मला उत्तर द्यायला. मला त्याच्या अज्ञानाचा राग नव्हता. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, याचा राग होता.

मी फादरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही घरी या, चार शब्द सांगा, तुमचं तो ऐकेल. फादरांनी मला बसवलं, सरबत दिलं. मग म्हणाले, "असल्या लोकांशी वाद घातला की ते आणखी घट्ट होतात. सलोख्यानं घ्या. प्रार्थना करा." मी विचारलं, मग रविवारी मिस्साच्या उपासनेत तरी सांगा, की बायबल हे वैद्यकाचं पुस्तक नाही. ते म्हणाले, "वर्गातल्या गोष्टी वर्गात. लोकांचा गोंधळ होतो." आणि दाराशी आल्यावर हळूच म्हणाले, "आपल्या प्रेयर ग्रुपमधल्याही काही लोकांना हे आवडायचं नाही."

ते तर मला माहीतच होतं. आमच्याच प्रेयर ग्रुपची म्होरकी बाई मला मासळीबाजारात थांबवून म्हणाली होती, तुझा भाऊ पंथ सोडून गेला ते वाईट, पण वचनाबद्दल तो म्हणतो ते खोटं नाही, तूच जास्त शिकलीस. म्हणजे फुलपाड्याचे माझ्या विरोधात, आणि माझे स्वतःचेही माझ्या विरोधात. एकटा फादर माझ्या बाजूचा आणि त्याला तोंड उघडायचं नव्हतं. मी सरबत तसंच ठेवून आले. तसले शहाणे लोक मला त्या पास्टरपेक्षा जास्त नकोसे वाटतात, कारण त्यांना ठाऊक असतं.

मग मला ती ओळ सापडली. एका संध्याकाळी मार्कचा तो अध्याय पुन्हा वाचत होते. माझ्या बायबलमध्ये ती ओळ फक्त प्रार्थनेवर संपत होती. उपवास नव्हताच. पानाच्या तळाला बारीक अक्षरात टीप होती, की काही हस्तलिखितांत "आणि उपवास" हे शब्द जास्तीचे आहेत. मला फादरांचा वर्ग आठवला. जुन्या काळी हातानं नकला करत, करणाऱ्यांनी आपल्या मनाचं घातलेलं असतं, आणि सगळ्यांत जुन्या प्रतींत हे शब्द नाहीत. म्हणजे कुण्या एका उपाशी लेखनिकानं दोन शब्द वाढवले आणि ते शेकडो वर्षं चालत उमेळ्यात माझ्या भाचीच्या ताटापर्यंत पोचले. मी नाचायचीच बाकी होते.

माझं बायबल आणि त्याला पास्टरनं दिलेलं, ज्यात उपवास होता ते, अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी भावाला दाखवलं. त्यानं दोन्हीवर बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. त्याच्या कपाळाला घाम आला, ते मी पाहिलं.

"आता सांग," मी म्हटलं, "बिनचूक कुठलं? तुझं की माझं?"

त्यानं माझं पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "तुमच्या लोकांनी शब्द काढून टाकला."

"अरे, जुन्यात नाहीच तो!"

"मग जुन्यातनं कोनी काढला?"

माझा तोल गेला. मी त्याला मूर्ख म्हटलं, आणखी बरंच म्हटलं, जे इथं लिहिणार नाही. तेव्हा तो उठला आणि एकदम मोठ्यानं बोलला, इतक्या मोठ्यानं की वहिनी बाहेर आली.

"तू एक चूक दाखवनार, मी एक फेकनार. उद्या दुसरी दाखवनार. मग माझ्या हातात काय रहानार? डॉक्टर म्हनतो जन्मभर गोळी. तो म्हनतो ही बरी होनार नाय, नुसती दबून रहानार. जगात एकच पुस्तक हाय जे म्हनतं ती बरी होते. एकच. आनि तू माझी सख्खी भैन, ते फाडायला बसलीस."

लोक म्हणतील तेव्हा तुला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. मला राग आला, कारण त्याच्या आशेचं बिल त्याची पोर भरत होती. मी म्हटलं, "तुझं पुस्तक ठेव तुझ्याजवळ. पोर दे."

पोर त्यानं दिली नाही, पण वहिनीनं दिली. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारानं आली आणि जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "काय करायचं ते कर," म्हणाली, "मना सांगू नको." मी डॉक्टरांकडे गेले, त्यांची बोलणी खाल्ली, आणि गोळ्या आणल्या. आमच्या शाळेत तेव्हा मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या देत असत. मी भाचीला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि म्हटलं, तुझं रक्त फार कमी आहे, तुला रोज घ्यावी लागेल. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे गणिताला यायची, तेव्हा देत असे. हो, खोटं बोलले. चर्चमध्ये मुलांना 'खोटं बोलू नका' ही आठवी आज्ञा शिकवणारी बाई रोज खोटं बोलत होती आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन.

शुक्रवारचं काही मला जमेना. मी डबा पुढे केला की ती मान हलवायची. "उपास आहे आत्या." पोर प्रामाणिक, बापाच्या वळणावर गेलेली. गोळी म्हणजे काही जेवण नव्हे, असं पटवून मी तिला गोळी तेवढी घ्यायला लावायचे आणि घंटा होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे.

फिट थांबली. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती गेले, फिट आली नाही. भावाच्या चेहऱ्यावर मांस चढलं. तो अंगणात गाणी म्हणायला लागला. मला बघितलं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. एकदा मला म्हणाला, "बोल आता. हातच्या काकनाला आरसा कशाला?" मी दातओठ खात आत निघून गेले. माझ्या गोळीवर त्याचं बिनचूक पुस्तक उभं होतं आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. याच्यासारखी चीड मी आयुष्यात दुसरी भोगली नाही.

नाताळच्या थोडं आधी तो स्वतः माझ्या दारात आला. म्हणाला, "रविवारी पोर साक्ष देनार हाय. तू ये. तुझे पाय धरतो, पन येऊन बघ." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. मला जायचं नव्हतं. पण मी गेले, कारण न जाणं म्हणजे हरणं झालं असतं.

गाळा भरलेला होता. गिरणी त्या दिवशी बंद होती, पास्टरनं सांगून बंद ठेवली असावी. पास्टरनं आधीच सगळ्यांना सांगितलं की आज वचनाचं प्रूफ मिळणार आहे, मार्क चॅप्टर नऊ, विरारमध्ये, लाईव्ह. टाळ्या पडल्या. भाऊ पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरीनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मला कितीतरी महिन्यांपासून फिट आलेली नाही," ती म्हणाली. "पप्पा रोज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रेयर करतात. एक दिवस पण चुकवत नाहीत. मी शुक्रवारी उपास करते. आणि आत्या मला रोज एक गोळी देते. ती म्हणते रक्ताची आहे. पण रक्ताची गोळी लाल असते. वर्गातल्या सगळ्या मुलींना लाल मिळते, मला एकटीलाच पांढरी. ती फिटची आहे. मला माहीत आहे, मी आधी खायचे ना. साक्ष खरी द्यायची असते, म्हणून सांगितलं." आणि ती जाऊन आईशेजारी बसली.

एक माणूस सवयीनं "हालेलुया" म्हणाला. भाऊ मागे वळला. सगळ्या लोकांत त्यानं मला शोधलं आणि ओरडला, "खोटारडी!"

"हो!" मीही ओरडले. "खोटं बोलले! म्हणून तुझी पोर उभी राहून खरं बोलतेय!" मग मला आवरेना. मी तिथंच सगळं काढलं, ती टीप, ती जुनी हस्तलिखितं, ते दोन वाढीव शब्द, त्या गाळ्यातल्या शंभर माणसांना ओरडून सांगितलं की तुम्ही ज्या ओळीवर पोरीला उपाशी मारताय ती ओळच तशी नाही. कुणी ऐकत नव्हतं. दोन बायका मला दंडाला धरून बाहेर काढायला लागल्या.

पास्टरनं माईक घेतला. तो अजूनही गोड बोलत होता. "भावांनो, सैतान किती चालाख आहे बघा. देवाच्या ग्लोरीवर गोळीने डाका घातला. पण आपण हरणार नाही. आजपासून गोळी बंद. मुलगी तीन दिवस उपास करेल, कडक, पाणी पण नाही. मग प्रभू काय करतो ते बघू."

तीन दिवस, पाण्याशिवाय, गोळी अचानक तोडून. अशानं फिट थांबतच नाही, पोर दगावू शकते, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी भावाकडे पाहिलं. तो बसला होता. त्याच्या मांडीवर त्याचं बायबल उघडं होतं आणि तो वाचत होता. बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. पास्टर त्याच्यासाठी थांबला. त्या दोन बायकाही मला धरूनच थांबल्या.

मग तो उभा राहिला.

"पास्टर, इथं पोरानं उपास केला असं लिवलेलं नाय."

"म्हणजे काय, ब्रदर?"

"शिष्यांनी विचारलं, आमच्यानं का निघालं नाय. घरात गेल्यावर विचारलं. प्रभूनं शिष्यांना सांगितलं. म्हंजे प्रार्थना शिष्यांनी करायची, उपास पन शिष्यांनी. पोराला काय सांगितलं नाय. बापाला पन उपास सांगितला नाय, बापाला विश्वास ठेव म्हनलं."

"ब्रदर, त्याचा अर्थ असा की..."

"अर्थ नको. तुमीच म्हनता कानामात्रा. लिवलंय तेवढंच घ्या." तो पानावरचं बोट न उचलता बोलत होता. "उपास तुमचा हाय. तीन दिवस तुमी करा, बिनपान्याचा. मी करतो तुमच्यासंगती. ही जेवनार. आनि त्या पोराच्या बापाला, गोळी देऊ नको, असं प्रभू कुठं म्हनला ते मना दाखवा. ओळ दाखवा."

पास्टरनं पानं चाळली. खरंच चाळली. मग म्हणाला की आपण यावर नंतर बोलू, आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. भावानं पोरीचा हात धरला, वहिनीला डोळ्यानं उठवलं, आणि ते तिघं शटरखालून बाहेर पडले.

मी त्यांच्यामागे धावले. रस्त्यात टँकर पाणी वाटत होता, बायकांची हंड्यांची रांग होती, त्या गर्दीतून मी त्याला गाठलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्याचा दंड धरला. "पटलं ना शेवटी!" मी म्हणाले. "वर्षभर हेच सांगत होते तुला."

त्यानं दंड सोडवून घेतला.

"काय पटलं? पुस्तकात एक चूक नाय. आज तर अजून खात्री झाली." तो पोरीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "ती ओळ तू किती वेळा वाचलीस? तुला दिसलं नाय, कोनाला सांगितली ते. तू शब्द मोजत बसली. शब्द हाय का नाय, आत हाय का तळाला हाय. कोनाला सांगितलं, एवढं दिसलं नाय तुला. मास्तरीन हायेस आनि तुला वाचता येत नाय."

एवढं बोलून तो रिक्षात बसला. माझ्याशी बोललेलं त्याचं शेवटचं वाक्य ते.

उपवास त्यानं केला. तीन दिवस, कामावर जाऊन. पास्टरनं केला की नाही मला माहीत नाही, भाऊ पुन्हा फुलपाड्याला गेला नाही. आमच्या चर्चमध्येही आला नाही. घरीच वाचायचा. गोळी दुसऱ्या दिवसापासून तोच द्यायला लागला, सकाळी अंगणात, पेल्यात पाणी घेऊन, आधी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना आणि मग गोळी. पोर आता दोन मुलांची आई आहे आणि अजून गोळी घेते. बाप अजून शुक्रवारी उपास करतो, तिच्यासाठी.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन मार्क उघडला. माझ्याकडच्या प्रतीत उपवास तळाला होता, पण तो प्रश्न वरच होता, मोठ्या अक्षरात. शिष्यांनी विचारलं, शिष्यांना सांगितलं. मी ती ओळ खरंच कितीदा तरी वाचली होती. भावाचं बरोबर होतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो आधी बोलल्याशिवाय सांगणारही नाही.